अप्पांची तिसरी

दूधविनायक, वाराणसी
२ मार्च २०२५

ती. दादास,

बकुळचा नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत. तू, संपदावहिनी आणि वेदांत मजेत असाल. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. ते पुढे येईलच.

आधी शाळेचं सांगते. पावसाळा संपता संपता एका संस्थेने माझ्या तिसरीच्या वर्गाला टॅबलेट दिले. पडद्यावर गोष्ट येते, मूल मोठ्याने वाचतं, बरोबर वाचलेला शब्द हिरवा होतो. ज्यांची अक्षरंच कच्ची आहेत त्यांच्यासाठी वेगळा खेळ आहे. मोठं अक्षर दिसतं, त्यावरून बोट फिरवायचं, पुरं झालं की टॅबलेट ते अक्षर बोलून दाखवतो. एरवी खिडकीबाहेर बघत बसणारी मुलं आता सुट्टी झाली तरी उठत नाहीत. वाचनही खरंच सुधारलंय.

फक्त कस्तुरी मागे राहिली. तिचे वडील अहिल्याबाई घाटावर नाव चालवतात. तिला वाचता येत होतं, पण ती ‘सड़क’ला ‘सरक’ म्हणायची, घरी तसंच बोलतात. यंत्राला ते कळेना. शब्द हिरवा होईना, तसतशी ती मोठ्याने ओरडून वाचायला लागली आणि वर्ग हसला. तिने टॅबलेट पालथा घातला. त्यानंतर तिने त्याला हात लावला नाही. माझ्या समजावण्याचा काही उपयोग झाला नाही.

तिला पुन्हा वाचायला लावलं ते अप्पांनी.

आता अप्पा माझ्या वर्गात कसे, हे सांगायला हवं. दिवाळीनंतर एका सकाळी ते ओसरीवर पेपर घेऊन बसले आणि मला म्हणाले, “हा कुठल्या भाषेतला पेपर आणलास?” आपला रोजचाच हिंदी पेपर होता. मी त्यांना दवाखान्यात नेलं. मेंदूला छोटा झटका येऊन गेला होता. बोलणं, चालणं, आठवण सगळं शाबूत. वाचणं तेवढं गेलं होतं.

डॉक्टरांनी त्यांना काहीतरी लिहायला सांगितलं. अप्पांनी एक अख्खा श्लोक लिहिला, एकही चूक नाही. मग डॉक्टरांनी तोच कागद त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाले, आता वाचा. अप्पा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, “अक्षर कोणाचं आहे?”

घरी आल्यावर त्यांनी आपल्या संस्कृत पाठशाळेला कुलूप लावलं. विद्यार्थ्यांना सांगितलं, तबियत बरी नाही. मला म्हणाले, “सुमंतला कळवायचं नाही. पाठशाळा आता कोणाला हवी, असं विचारून गेला होता तो.” त्यामुळे तू फोन केलास की ते झोपलेत असं मी सांगत होते. ते शेजारीच बसलेले असायचे. तू काय बोलतोस ते ऐकायचे.

डॉक्टर म्हणाले होते, अक्षरं गिरवून बघा, डोळ्यांना ओळख पटली नाही तरी हाताला पटेल. मला तो खेळ आठवला. पण टॅबलेट घरी नेता येत नाहीत. आमच्या मुख्याध्यापिका हिमानीजी म्हणाल्या, “तो उन्हें यहीं ले आइए.” अप्पांनी साफ नकार दिला. “या वयात तिसरीत बसू?” मग एक दिवस समोरचे रत्नाकरकाका मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला देण्याआधी तपासून घ्यायला आले. अप्पा म्हणाले, चष्मा सापडत नाही. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. काका पत्रिका तशीच परत घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी अप्पा धोतर नेसून, काठी घेऊन दारात उभे. “चल,” म्हणाले.

जागा कस्तुरीच्या बाकावर होती. अप्पा ‘क’ बघायचे आणि गप्प बसायचे. बोट फिरवलं की पटकन ‘क’ म्हणायचे. कस्तुरी तिरक्या नजरेने बघत होती. एकदा त्यांनी शेवटची शेपटी न गिरवताच ‘प’ म्हटलं आणि तिला राहवेना. “दादाजी, इसमें पूँछ भी है. ये ‘फ’ है.” अप्पांनी पुन्हा बोट फिरवलं. “तुम ठीक कहती हो,” म्हणाले. मग तिला म्हणाले, “मुझे दिखता नहीं कि क्या लिखा है. तुम पढ़ो, मैं सुनूँगा.”

ती वाचायला लागली. ‘सरक’ आला तेव्हा त्यांनी तिला थांबवलं नाही. गोष्ट संपल्यावर म्हणाले, “पढ़ा तुमने सही. बस ये मशीन तुम्हारे घर की बोली नहीं जानती.” मग जीभ टाळूकडे कशी वळवायची ते दाखवलं. काही दिवसांनी तिचा शब्द हिरवा झाला. तिने आधी अप्पांकडे पाहिलं, मग वर्गाकडे.

परवा पालकांना आणि आसपासच्या लोकांना बोलावून मुलांचं वाचन ठेवलं होतं. कस्तुरीने पूर्ण पान वाचलं. तिचे वडील मागे उभे होते. मग अप्पा उठले. मी त्यांना सांगितलं नव्हतं. समोर बसलेल्यांपैकी निम्मे त्यांच्याकडे शिकून गेलेले, रत्नाकरकाकाही होते. एका बकरीची चार ओळींची गोष्ट. एक शब्द वाचायचे आणि थांबायचे, पुढचं अक्षर बोटाने मांडीवर काढायचे. तिसऱ्या ओळीत अडले. खूप वेळ गेला. कोणी हसलं नाही, कोणी सांगितलंही नाही. कस्तुरीचे ओठ हलत होते, पण तिने आवाज काढला नाही. अप्पांनी शब्द स्वतः काढला आणि गोष्ट संपवली.

घरी येताना गल्लीत म्हणाले, “सुमंतला लिही आता. सगळं लिही.” मी म्हटलं, फोन करू का? तर म्हणाले, “नको. फोनवर तो लगेच यायला निघेल. त्याला सावकाश वाचू दे.”

पाठशाळा अजून बंदच आहे. उघडेल की नाही, माहीत नाही. डॉक्टरही यापुढचं काही सांगत नाहीत.

अप्पांना खाली दोन ओळी लिहायच्या आहेत. लिहून झाल्या की त्या स्वतः वाचल्याशिवाय पाकीट बंद करू देणार नाहीत, तेव्हा हे पत्र उद्याच्या टपालात पडेलसं वाटत नाही.

तुझी,
बकुळ

चि. सुमंत यास आशीर्वाद. उत्तर कागदावर पाठव. अक्षर मोठं काढ. मी वाचीन.
— अप्पा