हॅण्डलवरचा मीटर

४ डिसेंबर १९९४, रविवार
डोंबिवलीच्या शुभदाच्या सायकलच्या हॅण्डलवर आज मीटर पाहिला! काडेपेटीएवढा, इलेक्ट्रॉनिक. स्पोकला चुंबक लावलेलं, त्यावरून चाकाचे फेरे मोजतो, आणि वेग, अंतर, वेळ — सगळं समोर दिसतं. मामाने दुबईहून आणलाय म्हणे.

आमच्या शर्यतीत एकेकटीने सुटायचं, फक्त घड्याळाशी भांडायचं. किती जोरात चाललोय, दम कुठे राखायचा, हे अंगानेच ओळखायचं. तिला ते आकड्यांत दिसणार. मग शर्यत कसली? जिल्ह्यातून एकच मुलगी राज्य स्पर्धेला जाणार आहे. आज जेवण गेलं नाही.

७ डिसेंबर
जिल्हा सायकल संघटनेकडे तक्रार केली. अर्ज तीनदा फाडला, चौथ्यांदा दिला. सेक्रेटरी भगवानराव म्हणाले, "नियमात मीटरचं काहीच नाहीये, जया. मीटिंगमध्ये बघू." बघू म्हणजे काय?

१३ डिसेंबर
जिल्ह्याच्या शर्यतीत मीटरला बंदी! आनंद व्हायला हवा. होत नाहीये. उगाच चेन पुसत बसले.

१८ डिसेंबर, रविवार
जिल्ह्याच्या निवड शर्यतीत पहिली आले. शुभदा दुसरी, तेवीस सेकंद मागे.

माजिवड्याहून पडघ्याच्या दिशेने वीस किलोमीटर. नेहमीप्रमाणे आमची माणसं रस्त्यावर. चौथ्या किलोमीटरच्या दगडाला बाबा, आठव्याला गणूकाका, बाराव्याला राघो, सोळाव्याला सखुआत्या. प्रत्येकाच्या हातात घड्याळ. शुभदा माझ्याआधी सुटलेली, तिचीही वेळ टिपलेली. "धा सेकंद मागं हायस गो!" गणूकाका ओरडले, तेव्हा मी जोर काढला. सखुआत्या म्हणाली, "फुडं हायस! आता सोरू नको!"

बक्षिसानंतर शुभदा जवळ आली. वाटलं, भांडणार. हात मिळवून एवढंच म्हणाली, "माझा एकच मीटर होता. तुझे चार होते."

१९ डिसेंबर
बाबांना विचारलं, आपण ओरडून सांगतो ते चालतं का? "आपली मानसा हायेत ती, यंत्रा थोरीच हायेत?" म्हणाले नि हसले. मला हसू आलं नाही. आपली माणसं उभी राहतात, यावरही कोणी तक्रार करू शकेल, हे कधी मनातच आलं नव्हतं. स्वतःचाच राग येतोय.

२७ डिसेंबर
राज्य स्पर्धा नागपूरला. तिथे दगडाला उभं राहायला आपलं कोणी नाही.

शुभदाने भगवानरावांच्या हाती पुडकं पाठवलं. आत मीटर. सोबत चिठ्ठी — "राज्य स्पर्धेत चालतो, विचारून घेतलं. चाकाचं माप तुझ्या सायकलचं टाकलंय."

माझं चाक दोरीने दोनदा मोजून पाहिलं. माप बरोबर होतं.