उजव्या बाजूची नवी बैठक

प्रिय धाकटे,

तुझा दुधी रंगाचा सोफा आल्यापासून आमचा तुझ्या डोळ्यांत खुपतो, हे कळतं मला. सोफ्याचं आयुष्य सात ते दहा वर्षं, हे तू दर फोनला ऐकवतेस. आमच्याला बावीस झाली. म्हटलं, एकदाचा निकाल लागू दे. काल सोफा दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं.

माणूस कामाचा निघाला. कापडाकडे ढुंकूनही बघितलं नाही. तिन्ही बैठकींवर गुडघा रोवून पाहिलं, खालचे पट्टे चाचपले. म्हणाला, लाकूड ठणठणीत आहे. डावी बैठक पार बसलीय. मधली त्याहून कमी, पण डावीकडे कललीय. आणि उजवी कोरी करकरीत! "इथे कुणी बसतच नव्हतं का, आजी?" आजी म्हटल्याबद्दल आधी त्याला झापलं, मग चहा दिला.

डावी तुझ्या भाऊजींची. मधली कुणाची, हे तुला सांगायला नको. शेवटची दोन वर्षं ते आजारपणामुळे घरी, आणि मी मेट्रनबाई, दिवसभर वॉर्डात दुसऱ्यांच्या नवऱ्यांची पांघरुणं सरळ करत होते. दुपारी तू येऊन त्यांच्याजवळ बसायचीस. बहीण असावी तर अशी, असं मीच गावभर सांगत सुटले होते. संध्याकाळी मी दार उघडलं की तुम्ही दोघं हसता हसता गप्प व्हायचात. मग मी आपली लाकडी खुर्चीवर, ताठ. पाठ टेकली की कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर पट्टी मारायच्या; ती सवय अशी हाडात मुरली की नवऱ्याशेजारीसुद्धा टेकून बसता आलं नाही.

जळते मी तुझ्यावर. संशय नाही गं, तेवढी मूर्ख नाही मी. पण माझ्या वाट्याला त्यांच्या गोळ्या आणि थर्मामीटर आला, हसणं सगळं तुला गेलं. आणि वर तूच म्हणतेस, टाकून दे तो सोफा!

नाही टाकत. त्याला सांगितलं, कापड बदल, खड्ड्यांना हात लावू नकोस. रविवारी ये. तू तुझ्या जागी बस, मी त्यांच्या जागी बसेन, पाठ टेकून. आणि तुम्ही कशाला हसायचात, ते सगळं सांग मला. मला हसत असाल, तर ते आधी सांग.

जळकी असले तरी तुझीच,
ताई