कोल्हारचा जॅझ ऑर्गनिस्ट

३० नोव्हेंबर, शनिवार
हॅम्बुर्ग कायमचं सोडून कोल्हारला आलो. नाताळच्या उपासनेत चर्चची जुनी पायपेटी मी वाजवणार. गावाला जॅझ कळलंच पाहिजे. हॅम्बुर्गच्या हॉटेलात मला रोज सगळ्यांत शेवटी वाजवायला बसवायचे. मोठा कलाकार शेवटीच! इथे इतकी वर्षं शाळेत शिकवणारी कृपा वाजवते. तिने हसत हसत खुर्ची सोडली. एवढं सहज कोण सोडतं? लक्ष ठेवायला हवं.

१ डिसेंबर, रविवार
पहिल्या गीताआधी जरा रंगवून वाजवलं. मान वर केली तर लोक दाराबाहेर, चपला शोधतायत! पाळकसाहेबांनी हाका मारून परत आणले. कट आहे. एकटी कृपा जागेवर होती, म्हणजे तीच.

४ डिसेंबर
पेटी तपासली. भाता शाबूत, उंदीर निर्दोष. उरली कृपा. तिने केक पाठवलाय. बहीण आराधना म्हणाली, दादा, उगाच संशय घेऊ नकोस. खाणार नाही म्हणून ठणकावलं. (संध्याकाळी दोन तुकडे. पुरावा म्हणून.)

८ डिसेंबर, रविवार
मुद्दाम संथ वाजवलं. तरी गेले. या वेळी एकमेकांना 'जय ख्रिस्त' करत, सावकाश. कृपा पुन्हा बसूनच. निर्लज्जपणाची हद्द.

१० डिसेंबर
चर्च झाडणारी कडूबाई म्हणाली, तुमी लई ग्वाड वाजिवता, पर गाण्याबिगर नुसती पेटी वाजली की आमाला वाटतं उपासना सुटली. इथे म्हणे गीताआधी फक्त सूर द्यायचा. नुसती पेटी लोक बाहेर पडतानाच. मी याच चर्चमध्ये वाढलो, मला आठवत नाही? कृपाने पढवलंय.

१५ डिसेंबर, रविवार
गेलो नाही. घसा दुखत होता. पेटी घशाने वाजवत नाहीत, असं आराधना म्हणाली. तीही सामील?

२४ डिसेंबर
पाळकसाहेब घरी आले. उद्या दोन उपासना. पहिली सुटल्यावर लोक गप्पा मारत बसतात, हलत नाहीत, दुसरीला आलेले उन्हात ताटकळतात. गीतं कृपा वाजवेल, मी शेवटी. शेवटी! कट उधळला.

२५ डिसेंबर
जीव ओतून वाजवलं. बघता बघता चर्च रिकामं. पाळकसाहेबांनी पाठ थोपटली. आता दर रविवारी हेच काम माझं.
कृपा एकटी बसून होती. म्हणाली, पहिल्या दिवसापासून पूर्ण ऐकायचं होतं, आज ऐकलं. मग विचारलं, आराधना सांगत होती, हॅम्बुर्गलाही तुम्ही शेवटीच वाजवायचात ना, पुढे काय व्हायचं?
बेसावध होतो. खरं सांगून बसलो. वेटर खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवायला लागायचे.