पे आजींचं नवं नाव

दुसरा महिना, चौथा दिवस

फर्मान आलं! नव्या बादशहाचं नाव चुन, म्हणजे वसंत; बादशहाचं नाव रयतेने उच्चारायचं नाही. झालं — आजपासून वसंत ऋतू बंद. म्हणजे ऋतू येणार, पण त्याला 'चुन' म्हणायचं नाही. 'यांग' म्हणायचं, म्हणजे ऊन. बोलणाऱ्याला फटके, लिहिणाऱ्याला त्याच्या दुप्पट. इथे लिहिलंय ते फक्त माझ्यासाठी. तेवीस वर्षं कचेरीत कारकुनी केली, एवढी चैन चालायची.

बादशहा नऊ वर्षांचे आहेत. अजून दुधाचे दात पडताहेत म्हणे. दातांबद्दल फर्मान नाही — नशीब!

सहावा दिवस

गल्लोगल्ली पाट्या खरवडून घेतोय. 'वसंतवारा' खानावळ आता 'ऊनवारा'. आणि पोळीवाला शिए इतकी वर्षं चुन-पोळी म्हणून ओरडायचा, तो आता ओरडतो, "ऊन पोळी! ऊन पोळी!" पहिलंच गिऱ्हाईक त्याच्या अंगावर गेलं — "ऊन म्हणतोस आणि ही गारढोण?" मारामारी झाली. साम्राज्याची प्रतिष्ठा मात्र वाचली.

नववा दिवस

तालुक्यात नावात चुन असलेली माणसं दोनशे अकरा. सकाळपासून नावं वाटतोय. त्यांच्या आईबापांनी जेवढा विचार केला असेल, तेवढा मला करायला वेळ नाही. एकाला यांग, दुसऱ्याला यांग, तिसऱ्यालाही यांग.

दुपारी चांभार गल्लीतल्या पे आजी आल्या. वय एक्याऐंशी, नाव चुनलान.

"आजी, आजपासून तुम्ही यांगलान."

"ते का?"

"बादशहांचं नाव तुमच्या नावात येतं."

"माझं आधीचं आहे. केवढा आहे तो?"

"नऊ वर्षांचे आहेत."

"मग त्याचंच बदला की! त्याला अजून सवय झाली नसेल."

मागची सगळी रांग एकदम छताकडे बघायला लागली. मी खोकलो, जोरात. आजींनी अंगठा काही दिला नाही. "घरी विचारून येते," म्हणाल्या आणि गेल्या.

दहावा दिवस

मनगट सुजलं. यांग, यांग, यांग.

तेरावा दिवस

भानगड! पे आजोबा वर्षभर अंथरुणाला खिळलेत. मुलांची नावं विसरले, स्वतःचं विसरले. एकच शब्द शिल्लक आहे — बायकोचं नाव. "चुनलान! पाणी! चुनलान, कुठे गेलीस?" दिवसभर. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं.

दहा घरं एकमेकांना जामीन. एकाचा गुन्हा, फटके सगळ्यांना. त्यांची शेजारीण, शिंपीणबाई, कचेरीत येऊन रडली. "आमच्या पोराबाळांनी काय केलंय? म्हाताऱ्याच्या तोंडात बोळा कोंबा म्हणावं!" तिचंही चूक नाही.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. आजी पेज भरवत होत्या.

"आजी, त्यांना नवं नाव शिकवा ना."

"शिकवलं हो. तीन दिवस शिकवलं. म्हणतात, ही यांगलान कोण? परक्या बाईला घरात कशाला घेतलंस?"

त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

चौदावा दिवस

हवालदार गोंगला बढती हवीय. आजोबांविरुद्ध तक्रार घेऊन साहेबांसमोर उभा राहिला. साहेबांनी मला लिहून घ्यायला सांगितलं.

"आरोपी काय ओरडला?" मी विचारलं.

गोंगने तोंड उघडलं. मिटलं. "ते... तेच."

"तेच म्हणजे? कायद्याला नेमका शब्द लागतो. तू बोल, मी लिहितो, साहेब शिक्का मारतील, आणि कागद थेट प्रांताच्या सुभेदारांकडे."

बोलला तर गोंगला फटके, लिहिलं तर मला, शिक्का मारला तर साहेबांना. साहेबांचा चेहरा उकडलेल्या मुळ्यासारखा पांढरा पडला. मिशी ओढून म्हणाले, "म्हाताऱ्याला खोकला झालाय. तसं लिहा."

लिहिलं. 'चांभार गल्ली येथे एका वृद्धास मोठा खोकला. गुन्हा नाही.' शिक्का बसला. तेवीस वर्षांत लिहिलेला सर्वांत खोटा कागद, आणि पहिलाच कामाचा!

 

सोळावा दिवस

चांभार गल्लीतून गेलो. आजोबा खणखणीत खोकत होते. "चुनलान! चुनलान!" शिंपीणबाई दारात कपडे वाळत घालत होती. मला म्हणाली, "औषध पाठवा हो कचेरीतून!" आणि खो खो हसली.

एकोणिसावा दिवस

कचेरी उघडली तेव्हा पे आजी पायरीवर बसल्या होत्या. डोक्याला पांढरं फडकं. अंगठा पुढे केला.

"घाला काय नाव घालायचं ते. जुन्या नावाने हाक मारणारा पहाटे गेला."