डाव्या हाताची गाठ

आत्याबाई,

गाडीतनं सगळ्यांत आधी उतरली ती पोराची आई. नवरा मागं जीपवाल्याशी भाड्यावरनं वाद घालत उभा, पोरगा आरशात बघून भांग सारखा करत उभा, थोरली सून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभी, आणि ही बाई आपली पदर सावरत थेट आमच्या सोप्यात. बोलावलं न्हवतं हो कुणी! सोमेश्वरनगरला कुणाच्या बारशाला आल्या होत्या, तर म्हणे जाता जाता तुमची नात बघून जावी. तुमची म्हणजे माझी. तुमची परतवंड लागती, पण तुमी तिला बघितलं न्हाय आणि ते बरंच झालं, नायतर तिच्या बी नाकाला नावं ठेवली असती. तर बाई आल्या, आणि घरात बसायला एक खुर्ची न्हाय. समद्या खुर्च्या शेजारच्या साखरपुड्याला गेलेल्या. बाज एक होती, ती पुरुषमाणसांनी धरली. आणि सोप्याच्या मधोमध काय, तर तुमच्या मोटारीची मागची सीट पोट फाडून पडलेली, शेजारी सीटवाला उकिडवा बसलेला, तोंडात खिळे आणि हातात पक्कड.

तुमची मोटार अजून हाय बरं का. मामंजींनी निम्मी मेंढरं विकली, ऊस लावला, आणि पहिल्या उसावर फलटणच्या डॉक्टरची ती जुनी काळी मोटार आणली, तीच. गावातली पोरं तिला डुकरी म्हणायची आणि तुमी त्यांना दगड मारायचा. तुमच्या माघारी ती गोठ्याशेजारी कोंबड्यांनी वापरली. आता तुमच्या नातवाला, म्हणजे माझ्या लेकाला, हौस आली. म्हणतो, पोरीची वरात ह्याच मोटारीतनं काढायची, अख्ख्या सांगवीत कुणी काढली नसंल अशी. बारामतीच्या मिस्त्रीनं इंजिन धडधडवून दाखवलं. राहिली सीट. तिच्या स्प्रिंगा कुठं तुटल्या, कुठं बसल्या, आणि एक तर वर टोचायची. ती कुठली ते तुमाला सांगायला नको. डाव्या कोपऱ्यातली. माझ्या जागेवरची.

आठवतंय का? मामंजी पुढं, ड्रायव्हरशेजारी. मागं तुमी मधोमध, देव्हाऱ्यातल्या देवासारख्या, दोन्ही मांड्या पसरून. आणि मला म्हणायचा, "तू हितं बस, कडंला. मानाची जागा हाय, वारा लागतो." मी खरंच मान समजायची, किती येडी! पहिल्या वर्षी काय टोचायचं न्हाय. मग सीटमधला काथ्या कुजला, म्हणून तुमी स्वतः ती सीट उघडलीत, आपल्या मेंढरांची लोकर भरायला. मला लोकर धुवायला नीरेवर धाडलंत. पाण्यात पाय गारठले माझे, आणि मी घरी आले तवा तुमी सीट शिवून मोकळ्या, पान खात बसलेल्या. त्या दिवसापासनं ते टोक वर आलं. मी मनाला म्हणायची, नवी लोकर हाय, दबंल हळूहळू. आत्याबाई, लोकर दबली, ते टोक न्हाय दबलं.

आणि मग इंदापूरकडं माझ्या भावाच्या लग्नाला निघालो तो दिवस. माझ्या आबांनी धाडलेलं हिरवं लुगडं नेसलेली मी, जरीचं, त्यांनी कुणाकुणाच्या बांधावर राबून घेतलेलं. रस्ता कसला तवा, बारामती ते इंदापूर सगळी हाडं मोजून घ्यायची. मी डावी मांडी अधांतरी धरून उजव्या टाचेवर भार देऊन बसती, खड्डा आला की टोक लागतं, तोंडातनं हूं न्हाय काढायचं. एकदा काढलं होतं तर तुमी म्हणाला होता, "माहेरी खाली फाटकं घोंगडं, आणि हितं गादी टोचती व्हय गं राणीला?" मांडवापुढं उतरते तर मागनं टर्रकन आवाज. लुगडं हातभर फाटलं. सगळा मांडव बघतोय, आणि तुमी माझ्या आबांकडं वळून मोठ्यानं, "व्याही, लेकीला बसायला शिकवून धाडायची होती." आबा हसले. ते हसू मी मरंपत्तोर विसरणार न्हाय. माणूस मार चुकवताना हसतो तसं ते हसले. आणि मी काय केलं? आईला कोपऱ्यात घेऊन समजावलं, "अगं, स्प्रिंग तुटलीया, त्या तरी काय करतील?" तुमची बाजू घेतली, माझ्या आईपाशी!

तर आता ऐका. आता खरी मजा हाय, नीट बसा, जिथं असाल तिथं. सीटवाला बारामतीचा, तोंडानं फटकळ, माझा निम्मा डबा चहा संपवला त्यानं. तुटक्या स्प्रिंगा कापल्या, तारेनं जोडल्या, बसक्या हातोडीनं ठोकून उभ्या केल्या, खाली नवं तरट मारलं. डाव्या कोपऱ्यात आला आणि हात थांबवून हसायलाच लागला.

"आजी, ही कुटं तुटलीया? हिला काय बी झालं न्हाय."

"मग टोचती कशी रं?"

"टोक उपटून सरळ उभं केलंय आन् शेजारच्या स्प्रिंगला बांधलंय. पडू नये म्हणून. कुणीतरी लई मन लावून काम केलंय बघा."

मी चष्मा लावला. लोकरीचा पिळलेला दोरा, मेंढीच्या तेलानं अजून चिवट. आणि गाठ कसली? कोकरू दाव्याला बांधायची गाठ, आपल्याच घरातली, पण उलटी. डावीकडनं फिरवलेली. ह्या घरात डावरं माणूस एकच झालं, आत्याबाई. डाव्या हातानं वाढता म्हणून तुमच्या स्वतःच्या सासूनं तुमच्या हाताला चटका दिला होता, ते तुमीच सांगायचा.

मला रडू यायला पायजे होतं का? मला हसू आलं, आणि असं आलं की सीटवाला पाणी घेऊन धावला. इतकी वर्षं मी म्हणत आले, नशीब टोचतंय, रस्ता टोचतोय, जुनी मोटार हाय. आणि हितं तर एक बाई उन्हात बसून, जीभ बाहेर काढून, माझ्यासाठी गाठ मारत होती. एवढा जीव लावून माझ्यासाठी कुणी काही केलं न्हवतं. गादीखाली काय हाय हे कळल्यावर माणूस कसं हलकं होतं, तुमाला न्हाय कळायचं. त्या दिवशीच तुमच्या फोटोचा हार काढला. तुमाला शेवंती आवडायची न्हवं? ती शेळीनं खाल्ली, चवीनं.

एकच गोष्ट मात्र घशात अडकली. तुमाला वाऱ्याचा झटका आला, वाचा गेली, आणि ह्याच सीटवर आडवं घालून बारामतीच्या दवाखान्यात नेलं. तुमची पाठ बरोबर त्या टोकावर. मला ठाऊक ना, कुठं काय टोचतं. मी खाली बसून तुमच्या पाठीखाली माझा तळहात घातला आणि दवाखाना येईपत्तोर काढला न्हाय. त्याचा वण हाय अजून, भाकरी थापताना चुरचुरतो. तुमी डाव्या हातानं माझं मनगट चाचपत होता, सारखं. मी जगाला सांगत आले, सासूनं मरताना माझा हात धरला. बायका डोळे पुसायच्या. आता वाटतं, हात कुणी धरला? तुमी गाठ सोडायला बघत होता, माझा हात मधी येत होता. नायतर सरळ मला बाजूला ढकलत होता. काय ते तुमचं तुमाला माहीत. मला एवढंच वाटतं, हात घातला नसता तर बरं झालं असतं. तुमची जागा तुमाला कळली असती.

हां, तर पाहुणे. मी सीटवर तरट ओढलं, वर सतरंजी टाकली. गाठ अजून सोडायची राहिली होती. आणि आत्याबाई, माझ्या तोंडातनं तुमचाच आवाज आला, "या, हितं बसा कडंला. मानाची जागा हाय, वारा लागतो." पोराची आई बसली. बसली आणि टुणकन उडाली! सीटवाल्याच्या तोंडातला खिळा खाली पडला. मला वाटलं, आता ओरडंल, शिव्या घालंल, हसंल तरी. माणसासारखी बाई काहीतरी करंल. तिनं खाली बघितलं, सतरंजीवर हात फिरवला, टोक कुठं हाय ते बोटांनी हुडकून काढलं. मग गोड हसली आणि खांबापाशी उभ्या सुनेला म्हणाली, "तू का उभी गं? ये, हितं बस. मी सरकते मधी."

सून आली. बसली. तोंडावरची रेघ हलली न्हाय तिच्या. चहाची बशी घेतली, फुंकर मारली, प्याली. पण मी तिच्या पायाकडं बघत होते. डावी मांडी अधांतरी, भार उजव्या टाचेवर. सवयीचं बसणं होतं ते, एका दिवसात येत न्हाय. आणि सासू तिच्या शेजारी मांड्या पसरून मला सांगतीय, पोरगं लोणी देवकरच्या कंपनीत कायम हाय, बागायत हाय, आमच्यात सुनांना लेकीसारखं वागवत्यात.

नात पोहे घेऊन आली, प्रश्न झाले, पोरगं लाजलं, सगळं गोड गोड. उठताना सून मागं राहिली. माझ्या पाया पडायला वाकली आणि हळूच म्हणाली, "आजी, आमच्याकडं बी हाय अशी जागा."

"कुठली गं?" म्हणलं.

"समदं घरच की." आणि पिशव्या उचलून गेली.

लेक माझा खुशीत. म्हणला, "आये, आता बोलायचं न्हाय, सोन्यासारखं स्थळ हाय." मी झालेलं सगळं सांगितलं. तर मलाच हसायला लागला, "स्प्रिंगवरनं सोयरीक मोडत्यात व्हय?" मी म्हणलं, "बाबा, तुझ्या आज्जीनं माझी सोयरीक स्प्रिंगवर चालवली, मोडायला काय झालं?" ते त्याला कळलं न्हाय. गाठ दाखवली तरी म्हणतो, जुन्या माणसांचं काय घेऊन बसलीस. तेवढ्यात नात आली. म्हणाली, थांबा, मी बसून बघते. बसली धपकन, कॉलेजात बसतात तशी. आणि ओरडली! अहो, तिकडं ऊसतोड्यांच्या खोपटांपत्तोर ऐकू गेलं असंल. "अगं आई गं! हे काय हाय? ही काय बसायची जागा हाय व्हय? मी न्हाय बसणार, आणि त्यांच्यात बी न्हाय जाणार!" आत्याबाई, ह्या घरात त्या सीटवर बसून ओरडलेली ती पहिली बाई. मी तिच्यावरनं मीठमिरच्या उतरल्या. तुमी असता तर तिच्या कानाखाली वाजवली असती. तुमी न्हाय. हे म्हणताना मला किती बरं वाटतंय म्हणून सांगू! बाप तिचा नमला. आता म्हणतो, पण पाहुण्यांना सांगायचं कुणी? मी म्हणलं, मी सांगते. बसवून सांगते.

मी चौथीपत्तोरच शिकले, ते बी तुमी सगळ्यांत काढायचा, "लई शिकलीया म्हणून उलट बोलती." न्हाय बोलले कधी. सगळं ह्या कागदावर बोलले. पाठवायचा कुठं म्हणता? सीटवाला तरट शिवंल तवा तुमच्या कोपऱ्यात सारते आत. वर नातीला बसवते.

आणि एक सांगायचं राहिलंच. सीटवाल्यानं गाठ सोडली काल. टोक पडलं खाली, एवढंसं, गरीब. तो जेवायला गेला तवा मी ते परत उभं केलं आणि दोरा बांधला. उजव्या हातानं जमंना. मग डावा हात घातला, वण असलेला, आणि पहिल्याच फेऱ्यात बसली, हुबेहूब तुमची. मी बघत राहिले हाताकडं. सीटवाल्याला म्हणलं, एवढी एक राहू दे, शुक्रवारी सोड. खुर्च्या मागवल्यात, त्या थोरल्या सुनेला धरून सगळ्यांना पुरतील, पोराच्या आईला सोडून. पाहुणे सुपारी फोडायला गुरुवारी येतो म्हणून गेल्यात.