सहा ओळींचं गाऱ्हाणं

प्रिय अनंता,

उद्या तुझं वर्षश्राद्ध. तुझी नात मीरा फ्रान्सहून आज सकाळी पेडण्यात पोचली आणि दुपारी माझ्या सोप्यावर येऊन बसली. नऊ वर्षांची पोर. तिनं मला काय ऐकवलं ते सांगायलाच हे पत्र. पण त्याआधी माझं एक भांडण ऐकून घे. जिवंतपणी तू भांडायला कधी सापडलासच नाहीस.

शाळेपासून आपली वाटणी ठरलेली होती ना रे? कविता माझ्या, गाड्या तुझ्या. मी फळ्यापाशी उभा राहून कविता म्हणायचो. देवळात गाऱ्हाणं घालताना प्रत्येक मागण्याला सगळा गाव हुंकार देतो, तसा तू मागच्या बाकावरून प्रत्येक कडव्याला म्हणायचास, "व्हय म्हाराजा!" मास्तरांच्या छड्या खाल्ल्यास, पण ती खोड गेली नाही. पुढे तू सुर्ल्याला खनिजाचा ट्रक चालवलास, मी डिचोलीच्या कचेरीत कागद खरडले. संध्याकाळी सोप्यावर मात्र तेच. मी कडवं म्हणायचं, तू व्हय म्हणायचं. साठ वर्षं!

आणि सत्तरी उलटल्यावर तुला फ्रेंच सुचली!

कारण मला ठाऊक होतं. लेक तिकडे गेली, नात तिकडेच जन्मली. फोनवर ती 'आजोबा' म्हणायची, त्यापुढे दोघं नुसते एकमेकांकडे बघून हसायचात. पण शेजारची शेफाली शाळेत फ्रेंच शिकवून परतायची, स्कूटर तुझ्या दारात लावायची आणि तुझ्यासमोर वही उघडायची, ती नेमकी माझ्या कवितेची वेळ. दुसरी वेळ नव्हती का रे?

मी कुंपणापलीकडून ऐकायचो. हो, मुद्दाम! एक दिवस ती म्हणाली की मागणं असो, इच्छा असो, भीती असो, तिथं क्रियापदाचं वेगळं रूप लागतं. आपण 'बोलावं', 'हसावं' म्हणतो तसं. 'ते बोलतात' हे रूप घ्यायचं, त्याचं शेपूट काढायचं आणि सहा नवी शेपटं लावायची. बोलणं, संपवणं, विकणं, सरळ चालीच्या साऱ्या क्रियापदांना तोच नियम. तुला ते एका झटक्यात कळलं. "गाडी तीच गो, मागचो डबो तेवडो बदलूचो." ती 'शाबास' म्हणाली. मला इतक्या वर्षांत कविता म्हणून कुणी तसं शाबास म्हटलं नव्हतं, अनंता. त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोला पोट बिघडलं म्हणून सांगितलं.

मग तू सोप्यावर आलास. वही काखेत. म्हणालास, हे तर आपलं गाऱ्हाणंच रे, सगळं मागणंच मागणं! आणि देवळातल्या त्या ठेक्यात सुरू झालास. क झ पार्ल, मी बोलावं. क त्यु पार्ल, तू बोलावंस. केल पार्ल, तिनं बोलावं. तिथं अडलास.

"दत्ता, मी ओळ म्हणतंय, तू व्हय म्हण. त्याशिवाय माका पुढची आठवणा नाय."

मी काय म्हणालो, आठवतं?

"तुज्या मॅडमाक सांग. शाबास म्हणता, ती व्हय पण म्हणतली."

तू हसलास, वही मिटलीस, आणि माझीच एक जुनी कविता म्हणायला सांगितलीस. मी म्हटली. आणि तू प्रत्येक कडव्याला व्हय म्हणालास! असा कसा रे तू? पुन्हा एकदा का विचारलं नाहीस? दुसऱ्यांदा मी नाही म्हणालो नसतो. बहुतेक.

पंधरा दिवसांत तू गेलास. आरामखुर्चीत, चहा निवत ठेवून.

आज मीरानं फोनवर तुझा आवाज लावला. जाण्याआधी तिला पाठवलेला. सहाच्या सहा ओळी, 'आम्ही-तुम्ही'चं पार्लियों, पार्लिये, सगळं न अडता! पण प्रत्येक ओळीनंतर तू थांबलायस. एका थांब्यात तर पाव विकत फिरणाऱ्या पोदेराचा भोंगा ऐकू येतो. मीरानं काहीतरी विचारलं, सोबत आलेल्या शेफालीनं मला मराठीत सांगितलं. आजोबा मध्ये थांबतात ते कोणासाठी, असं मीरानं तेव्हाच तुला विचारलं होतं म्हणे. तू तुझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये उत्तर दिलंस, "इथं एक माणूस बोलणार आहे. सध्या रुसलाय. येईल."

तो माणूस तुम्हीच का, असं पोरगी विचारत होती. मी होकारार्थी मान हलवली.

खरं सांगू? मला तिचाही हेवा वाटला. तुझा आवाज ती खिशात घालून फिरते. माझ्या वाट्याला त्यातले ते सहा थांबे आले.

उद्या तुळशीपुढे ती तुझं गाऱ्हाणं म्हणणार आहे. मी संध्याकाळपासून त्या ओळी घोकतोय. व्हय चुकीच्या जागी पडायला नको. शेफालीला पाठ म्हणून दाखवल्या. ती शाबास म्हणाली. तुला म्हणाली होती तितक्या जोरात नाही, पण म्हणाली.

तर वचन देतो. उद्या सहाही ओळींना, आणि पुढे ती फोनवर म्हणेल तेव्हा तेव्हा, हा रुसलेला माणूस बोलेल. मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

व्हय म्हाराजा.

तुझा,
दत्ता