वायर काढली तरी नापास

बेलवली, बदलापूर
जून २००६

प्रिय मैत्रेयी,

बारावीच्या निकालापासून अंबरनाथला आत्याकडे तोंड लपवून बसलीयेस, फोनवरही येत नाहीस. म्हणून हे पत्र आत्याच्या मुकेशच्या हाती पाठवतेय. आधी खाली बस, मग वाच.

काल तुझा ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म आणायला कॉलेजात गेले. क्लार्कने माझ्याकडे विचित्र बघितलं आणि तुझी मार्कशीट पुढ्यात टाकली. अगं, तू पास आहेस. एकाहत्तर टक्के. मी सीट नंबर दोनदा ताडून बघितला.

तशीच, तू निकाल बघितलास त्या कुळगावच्या सायबर कॅफेत गेले. तिथला निकालाचा प्रोग्राम मालकाने, रघूने, स्वतःच लिहिलाय. सीट नंबर टाकला की तो लांबच्या सर्व्हरला विचारतो आणि उत्तर दाखवतो. उल्हासनगरच्या ऑफिसात मी रोज असेच प्रोग्राम लिहिते, म्हणून त्याला कोड उघडायला लावला. वाचून डोकंच फिरलं. या पठ्ठ्याने निकालाच्या जागी आधीच ‘नापास’ लिहून ठेवलेलं, उत्तर आलं तरच ते बदलायचं. आणि उत्तर आलंच नाही तर? एरर गुपचूप गिळून टाकायची आणि ‘नापास’ तसंच दाखवायचं. म्हणे, स्क्रीनवर एरर दिसली की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात पळतं. मी इंटरनेटची वायर उपटली आणि सीट नंबरच्या जागी अप्पांचा फोन नंबर टाकला. नापास. रघू पांढराफटक पडला. असा झापलाय त्याला! आता ‘उत्तर आलं नाही, पुन्हा बघा’ असं दाखवतो, आणि निकालाच्या दिवशी आलेल्या पोरांची घरं शोधत फिरतोय.

त्या दिवशी तू चप्पल न काढताच दारात उभी होतीस. अप्पांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. ओरडले असते तर बरं झालं असतं. आतल्या खोलीत जाऊन तू डी.एड.चा फॉर्म फाडलास, आणि आम्ही दोघं, अप्पा नि मी, ते नुसतं ऐकत बसलो. माझ्या मनात हजारदा आलं की तू नापास होणं शक्य नाही, पण मशीनवर आलंय म्हटल्यावर मीही गप्पच बसले.

चामटोलीच्या स्थळाला तू आत्याकडून होकार कळवलास. रविवारी ती माणसं सुपारी फोडायला येतायत. मुलगा चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. डी.एड.चा नवा फॉर्म सोबत जोडलाय. अप्पांना अजून काही सांगितलेलं नाही, आधी तुला सांगायचं होतं. होकार ठेव नाहीतर मोड, मी तुझ्या बाजूने उभी राहीन. फक्त पास झालेली मुलगी म्हणून ठरव.

तुझीच,
प्रीतीताई